बासरी उतरली, की फुंकर?

सतारीची तार उतरली तर खुंटी पिळता येते. हार्मोनियमचा सूर बिघडला तर ती दुरुस्त करणारा गाठता येतो. बासरीला खुंटीही नाही आणि उघडून पाहण्यासारखे काही आतही नाही. बांबूच्या एका पेरावर कारागिराने ज्या जागी छिद्रे पाडली, त्या जागी ती कायमची राहिली. त्यामुळे अनेक वर्षांच्या खंडानंतर उतारवयात कपाटातली बासरी बाहेर काढली आणि तिचा षड्ज तानपुऱ्याशी जुळेना, की घरात दोनच निष्कर्ष निघतात. बासरी खराब झाली, किंवा आजोबांचे आता वय झाले. पहिल्या निष्कर्षातून नवी बासरी विकत आणली जाते. दुसऱ्यातून जुनी बासरी पुन्हा कपाटात जाते आणि बहुधा तिथेच राहते.

वाचकहो, हे दोन्ही निष्कर्ष सहसा घाईचे असतात. हाताने घडवलेली बासरी वादकाला जुळवून घेता येते, आणि तसे करण्यास लागणारे साहित्य बहुतेक घरांत सापडते. मात्र त्याआधी बदलले आहे ते नक्की काय, हे शोधावे लागते. खोलीतली हवा, वाजवणाऱ्याचे ओठ व श्वास, ऐकणारा कान आणि सर्वांत शेवटी तो बांबू, या क्रमाने तपास करावा असे आम्ही सुचवतो. क्रम महत्त्वाचा आहे. छिद्र कानशीने घासून मोठे करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते परत फिरवता येत नाही.

आधी हवा. बासरीत कंप पावते ती नळीतली हवा, बांबू नव्हे. उबदार हवेतून ध्वनी अधिक वेगाने जातो. दर एका अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि त्या प्रमाणात सूरही चढतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातील एका भागास ‘सेंट’ म्हणतात. १५ अंशांच्या पहाटे आणि ३५ अंशांच्या दुपारी तीच बासरी वाजवली, तर हिशेबाने सुमारे ६० सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याहून जास्त फरक पडतो. प्रत्यक्षात उच्छ्वासाची ऊब नळीत शिरत असल्याने फरक इतका राहत नाही, तरी तो जाणत्या कानाला खटकण्याइतका असतोच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र थंडीत उतरत नाही आणि उन्हात चढत नाही. म्हणून पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात पहाटे बासरी बेसूर वाटली, तर ती दोन्ही हातांत धरून, हळू फुंकर घालत चार-पाच मिनिटे उबदार करावी आणि मगच सूर तपासावा. सलग तीन-चार दिवस, ठरावीक वेळी षड्ज किती वर किंवा खाली आला याची नोंद करावी. रक्तदाबाच्या वहीचे मागचे पान यासाठी पुरेसे आहे.

आता ओठ आणि श्वास. आमच्या मते वृद्धांच्या बाबतीत सूर बदलण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण येथेच असते. फुंकर मंदावली की बासरीचा सूर उतरतो आणि जोर वाढला की चढतो. तरुणपणीच्या फुंकरीला जुळवून केलेली बासरी सत्तरीत सर्वच स्वरांत थोडी उतरलेली वाटणे स्वाभाविक आहे. ओठांनी मुखरंध्र जितके झाकाल तितका सूर खाली येतो, आणि बासरी किंचित बाहेरच्या बाजूला फिरवून रंध्र उघडे केले की वर जातो. केवळ या फिरवण्याने बराच फरक भरून निघतो. सगळे स्वर सारखेच उतरले असतील, तर छिद्रांना हातही न लावता प्रथम हाच उपाय करून पाहावा.

या संदर्भात दातांचा विचार फार थोडे लोक करतात. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी ‘हातातला सूर गेला’ म्हणून बासरी वाजवणे सोडून दिले होते. चौकशीत कळले की त्यांना त्याच सुमारास नवी कवळी बसवली होती. कवळीने ओठांचा आधार बदलतो, वाऱ्याची धार मुखरंध्राच्या कडेवर निराळ्या कोनात पडते, आणि वर्षानुवर्षांचा सराव एका दिवसात परका वाटू लागतो. कवळी काढून वाजवावे की घालून, याचे एकच उत्तर नाही. दोन्ही प्रकारे वाजवून पाहावे, एक प्रकार निवडावा आणि त्यावर ठाम राहावे. रोज बदल केला तर ओठांना नवी सवय लागतच नाही. कवळी सैल असेल तर बासरीआधी दंतवैद्याकडे जाणे बरे. या गृहस्थांना आपला सूर पुन्हा सापडायला दोन महिने लागले. बासरीत तसूभरही बदल करावा लागला नाही.

तिसरा तपास कानाचा, आणि तो नाजूक आहे. ‘तुम्हाला नीट ऐकू येत नाही’ हे वाक्य घरात जितक्या सहजपणे फेकले जाते, तितक्या सहजपणे ते स्वीकारले जात नाही. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात प्रथम अतिउंच स्वर पुसट होतात. बासरीचे मूळ स्वर त्यापेक्षा बरेच खालचे असल्याने ते बहुतेकांना ऐकू येतात, पण स्वराचे तेज कमी भासते. काही जणांना एकच स्वर डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो. अशी शंका असेल तर एक कान बोटाने बंद करून तानपुऱ्याचा षड्ज ऐकावा, मग दुसरा. फरक स्पष्ट असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. फरक अचानक जाणवू लागला असेल किंवा एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. आजची डिजिटल यंत्रे शिट्टीसारखा आवाज रोखण्यासाठी सतत दक्ष असतात. बासरीचा लांब, स्वच्छ, स्थिर स्वर या यंत्रांना कधीकधी तीच शिट्टी वाटते. मग यंत्र तो स्वर दाबू पाहते आणि वादकाला आपला सूर थरथरतो आहे असे वाटते. शेजारी बसलेल्या व्यक्तीस मात्र स्वर सरळ ऐकू येतो. श्रवणतज्ज्ञ अनेक यंत्रांत संगीतासाठी निराळा कार्यक्रम बसवून देऊ शकतात, पण तो मागावा लागतो. तपासणीला जाताना बासरी सोबत न्यावी आणि तिथेच वाजवून दाखवावी. संकोच करण्यासारखे त्यात काही नाही.

औषधांचाही कानाशी संबंध असतो. अपस्मारासाठी आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या तीव्र वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपीन या औषधाने काही रुग्णांना सर्व स्वर सुमारे अर्ध्या स्वराने उतरलेले ऐकू येतात, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असे काही जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध आपल्या मनाने कमी किंवा बंद मुळीच करू नये.

एवढे सगळे पाहून झाल्यावर बांबूकडे वळावे. बासरी उजेडात धरून लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर दिसते का ते पाहावे. वातानुकूलित खोली, बंद मोटारीतले ऊन आणि खिडकीची कड ही बांबू तडकण्याची नेहमीची ठिकाणे. बारीक चिरेतूनही हवा निसटते आणि खालचे स्वर फुटेनासे होतात. चिरेत मेण दाबून भरून वरून मजबूत दोरा घट्ट गुंडाळावा. बासरीच्या टोकांशी रंगीत दोरा गुंडाळलेला असतो तो शोभेइतकाच या रक्षणासाठीही असतो.

नंतर बूच. मुखरंध्राच्या वरच्या बाजूस नळीच्या आत एक बूच असते. रंध्राच्या मध्यापासून त्याचे अंतर साधारणतः नळीच्या आतील व्यासाइतके असावे. वर्षानुवर्षे कोरडे पडून हे बूच आकसते आणि सरकते. त्याची परीक्षा सोपी आहे. मध्य सप्तकातला षड्ज वाजवावा, मग बोटे न हलवता जोराच्या फुंकरीने वरचा षड्ज काढावा. खालचा जुळतो आणि वरचा उतरतो असे असेल, तर बूच रंध्रापासून दूर गेलेले असण्याचा संभव मोठा. बासरीच्या बंद टोकाकडून बोथट काडीने ते एक मिलिमीटर रंध्राकडे ढकलावे व पुन्हा ऐकावे. वरचा षड्ज चढत असेल तर उलट करावे. काही बासऱ्यांत बुचाऐवजी बांबूचे नैसर्गिक पेरच आत ठेवलेले असते. तिथे अर्थातच काही हलवता येत नाही.

आणि आता छिद्रे, ज्यांच्याकडे लोक सर्वांत आधी धावतात. कोणता स्वर कोणत्या छिद्रावर अवलंबून आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिथे काहीही करू नये. मुखरंध्राच्या बाजूने मोजली तर पहिली तीन छिद्रे बंद केल्यावर षड्ज मिळतो. हवेला बाहेर पडण्याची पहिली वाट चौथ्या छिद्राची असते, म्हणून षड्जाचा मालक चौथे छिद्र. याच न्यायाने ऋषभ तिसऱ्याचा, गंधार दुसऱ्याचा आणि तीव्र मध्यम पहिल्याचा. निषाद पाचव्या छिद्राकडे, धैवत सहाव्याकडे आणि सर्व छिद्रे बंद केल्यावर येणारा मंद्र पंचम नळीच्या लांबीकडे, किंवा तिच्या टोकाशी जादा छिद्र असेल तर त्याच्याकडे.

एखादा स्वर चढा असेल, तर त्याच्या छिद्राची मुखरंध्राकडची कड थोडी बुजवावी. छिद्र लहान झाले की स्वर उतरतो. यासाठी पहिला उपाय म्हणजे मलमपट्टीच्या डब्यातली कागदी चिकटपट्टी. तिचा नखाएवढा तुकडा छिद्राच्या कडेवर थोडा आत येईल असा चिकटवावा, वाजवून पाहावे, सरकवावे. योग्य जागा सापडली की पट्टी काढून तेवढ्याच भागात मधमाशीचे मेण बसवावे. मेण बोटांत मळले की मऊ होते, ते वितळवण्याची गरज नाही. घरात प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर असेल तर मेणासाठी मेणबत्ती, काडी वा शेगडी त्याच्या आसपास आणूच नये, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी कटाक्षाने लक्षात ठेवावे.

स्वर उतरलेला असेल तर छिद्र मोठे करावे लागते, आणि हेच ते परत न फिरणारे काम. बारीक काचकागद पेन्सिलीवर गुंडाळून मुखरंध्राकडची कड दोन-चार वेळा हलक्या हाताने घासावी, भुकटी झटकावी, बासरी पुन्हा उबदार करून वाजवावी. दोन-चार घासण्या आणि एक तपासणी, याहून घाई करू नये. एकाहून अधिक स्वर सुधारायचे असतील तर खालच्या टोकाकडून वर यावे, कारण खालच्या छिद्रातील बदल वरच्या स्वरांनाही थोडा हलवतो. घासण्याचे काम घरातील तरुणाने गॅलरीत वा अंगणात, नाकातोंडावर मास्क बांधून करावे. बांबूची भुकटी दम्याच्या रुग्णाजवळ उडू देऊ नये.

मोजण्यासाठी मोबाइलवरील ट्यूनर वापरण्यास हरकत नाही. ज्यांचा कान आता साथ देत नाही त्यांना डोळ्यांनी सूर पाहता येतो, ही मोठीच सोय. परंतु या ट्यूनरची मोजपट्टी पियानोची आहे. तानपुऱ्याशी गोड जुळणारा शुद्ध गंधार त्या मोजपट्टीवर सुमारे १४ सेंट कमी दिसतो. पडद्यावरचा काटा हिरवा व्हावा म्हणून गंधाराचे छिद्र घासाल तर चांगल्या बासरीची हानी कराल. ट्यूनरवर षड्ज ठरवावा आणि बाकीचे स्वर तानपुऱ्यावर सोपवावेत. घरात गाणारे कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवावे.

आतापर्यंत आपण सुराबद्दल बोललो. पुष्कळदा तक्रार सुराची असते आणि दुखणे बोटांचे असते. संधिवाताने अनामिका पूर्ण टेकत नाही, छिद्राच्या कडेतून हवा निसटते, स्वर किंचाळतो आणि दोष बासरीच्या माथी येतो. खात्री करण्यासाठी शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या बोटाने तेच छिद्र दाबून धरावे आणि वादकाने फुंकावे. स्वर स्वच्छ आला तर बासरी निर्दोष आहे. बोटांची टोके टेकवण्याऐवजी पेरांचा सपाट भाग छिद्रावर ठेवून पाहावे. मोठ्या बासरीवर अनेक वादक तसेच वाजवतात.

तेवढ्यानेही भागत नसेल तर बासरीची लांबी कमी करणे हाच प्रामाणिक उपाय. आज मैफिलींत दिसणारी लांब बासरी फार प्राचीन नाही. बारिसालमध्ये जन्मलेल्या आणि पुढे मुंबईत कारकीर्द घडवलेल्या पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागसंगीताच्या गांभीर्यासाठी सुमारे ३२ इंचांची बासरी घडवून रूढ केली. तिच्या छिद्रांतील अंतरे निरोगी, ताणता येणाऱ्या हाताची आहेत. पांढरी तीनची बासरी साधारण ३० इंच लांब भरते, पांढरी सहाची सुमारे २२ इंच. आखूड बासरीला श्वास कमी लागतो, बोटे जवळ येतात आणि खांद्यावरचा भारही हलका होतो. तिचा आवाज मात्र उंच असतो, आणि ज्यांचे उंच स्वरांचे श्रवण कमी झाले आहे त्यांना खर्जातली बासरीच अधिक समाधान देते. हात एक मागतो आणि कान दुसरे. अशा वेळी पांढरी पाच किंवा सहा ही मधली वाट बहुतेकांना मानवते. आखूड बासरी ही पोराटोरांची, असे मानण्याचे कारण नाही. मोठमोठे वादकही मैफिलीच्या अखेरीस धून वाजवताना ती हाती घेतात.

काही सावधगिरी. बासरीत बराचसा वारा रंध्राबाहेर जातो, त्यामुळे सलग फुंकत राहिल्यास भोवळ येऊ शकते. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसून, आरंभी पाच-सात मिनिटेच वाजवावे. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवावे. मानेचा त्रास असेल तर मान न वळवता खुर्चीच थोडी तिरकी ठेवावी. काचबिंदू, नुकतीच झालेली डोळ्याची, हर्नियाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, दमा वा जुनाट श्वासरोग असल्यास डॉक्टरांना विचारून आरंभ करावा. छातीत दुखले किंवा दम लागला तर तत्काळ थांबावे. बासरीने फुप्फुसे बरी होतात असा दावा कोणी करीत असेल तर त्यावर विसंबून औषधोपचार सोडू नयेत.

स्वच्छतेची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती तशी नाही. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बॅगपाइप वादकाची हकीकत प्रसिद्ध झाली. ६१ वर्षांच्या त्या गृहस्थांचा मृत्यू फुप्फुसांच्या दीर्घ विकाराने झाला होता, आणि त्यांच्या वाद्याच्या ओलसर आतील भागात अनेक प्रकारच्या बुरशी आढळल्या. बासरी दोन्ही बाजूंनी वाळते, बॅगपाइपइतकी कोंदट नसते. तरी कोकणातल्या पावसाळ्यात तिच्या आतही बुरशी धरते. वाजवून झाल्यावर काडीला मऊ सुती फडके गुंडाळून आतून पुसावे, प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कापडी खोळीत ठेवावे, महिन्या-दोन महिन्यांनी मोहरीच्या किंवा जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात आतून-बाहेरून द्यावा. बुरशीचा वास येत असलेली जुनी बासरी आधी साफ केल्याशिवाय ओठांना लावू नये. घरात कोणाला खोकला असेल तर बासरी एकमेकांत वाटून वाजवू नये.

नवी बासरी घ्यायचीच ठरली तर ती कारागिराकडून मापाने करून घेणे उत्तम. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासरीचे जुने गाव. तिथे आसामातून आलेल्या पातळ भिंतीच्या, लांब पेरांच्या बांबूवर काम चालते. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हाताने बासऱ्या करणारे भेटतात. कारागिराला पट्टी सांगाल, तसेच हातही सांगावा. दोन्ही तळवे कागदावर टेकवून पेन्सिलीने त्यांची बाह्यरेषा काढावी. जे बोट वाकत नाही त्यावर खूण करावी. बासरी डाव्या बाजूस धरता की उजव्या, तेही त्याच कागदावर लिहावे. छिद्र नळीच्या लांबीत सरकवले तर स्वर बदलतो, पण त्याच जागी नळीच्या गोलाईवर थोडे डावीकडे वा उजवीकडे पाडले तर बदलत नाही. ताठरलेल्या अनामिकेसाठी किंवा आखूड करंगळीसाठी छिद्र बाजूला घेऊन देणे जाणत्या कारागिराला अवघड नसते. मात्र ते बांबूला भोक पाडण्यापूर्वी सांगावे लागते.